कमी खर्चात नीटस पेहराव : कावेरीकाठच्या गावांत धरणाच्या पाण्यावर ठरते कापडखरेदी

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नवे कापड कधी घ्यायचे, हे सणावारांइतकेच मेट्टूर धरणावर अवलंबून असते. सेलम जिल्ह्यातील हे धरण परंपरेने १२ जून रोजी सिंचनासाठी उघडले जाते. पाणी वेळेवर सुटले तर तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलादुतुरै या जिल्ह्यांत ‘कुरुवै’ नावाचे कमी मुदतीचे भातपीक उभे राहते, ते साडेतीन-चार महिन्यांत कापणीला येते आणि दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा असतो. पाणी लांबले तर शेतकरी थेट ‘सांबा’ या दीर्घ मुदतीच्या पिकाकडे वळतो. त्याची कापणी पोंगलच्या आगेमागे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत होते. दिवाळी मात्र ठरल्या वेळीच येते. अशा वर्षी नवी साडी, नवी वेष्टी आणि मुलांचे कपडे उधारीवर किंवा व्याजाच्या पैशावर घ्यावे लागतात.

हे चढउतार नेहमीचे आहेत. २०२० मध्ये धरण १२ जूनला उघडले गेले, ते आठ वर्षांच्या खंडानंतर. २०२२ मध्ये पाणी मे महिन्यातच सुटले. २०२४ मध्ये त्यासाठी जुलैची अखेर उजाडली. उत्पन्न इतके अनिश्चित असताना लग्न, मंदिरोत्सव, गावजत्रा आणि नातेवाइकांच्या घरचे समारंभ काही थांबत नाहीत. त्या प्रत्येक ठिकाणी नीटनेटके, शोभेसे दिसावे अशी अपेक्षा असते. म्हणूनच येथील सामान्य घरांनी पेहरावाची एक पद्धत बसवली आहे. वस्तू थोड्या घ्यायच्या, त्यांतील प्रत्येक वस्तू अनेक प्रसंगी आणि अनेक प्रकारे वापरता यावी, आणि अडीनडीला एकीची जागा दुसरीने घ्यावी. शहरी फॅशनच्या भाषेत याला आता मोठमोठी नावे आहेत. कावेरीकाठी मात्र ही गरजेतून आलेली रीत आहे.

सोने बँकेत, साखळी गळ्यात

या पद्धतीचा सर्वांत स्पष्ट नमुना दागिन्यांत दिसतो. तमिळनाडूत सोने ‘पवन’ या मापाने मोजतात; एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. ऑक्टोबर २०२५ मध्ये चेन्नईच्या बाजारात एका पवनाचा दर ९०,००० रुपयांच्या पुढे गेला. दोन-तीन एकर जमीन कसणाऱ्या किंवा खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबासाठी सोने हा दागिना आहेच, पण त्याआधी ते पीककर्जाचे तारण आहे. पेरणी-लावणीच्या दिवसांत बियाणे, खत आणि मजुरीसाठी ते प्राथमिक कृषी सहकारी संस्थेत किंवा बँकेत गहाण ठेवले जाते व कापणीनंतर सोडवले जाते. हा व्यवहार किती खोलवर रुजला आहे हे २०२१ मध्ये दिसून आले. त्या वर्षी राज्य सरकारने सहकारी संस्थांकडील पाच पवनांपर्यंतची, म्हणजे ४० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांवरील कर्जे अटींसह माफ करण्याचा निर्णय जाहीर केला. निवडणुकीच्या राजकारणात दागिन्यावरील कर्ज हा विषय होऊ शकतो, यातच सर्व काही आले.

सोने गहाण पडले तरी गळा ओका ठेवायचा नसतो. विवाहित स्त्रीचा गळा रिकामा दिसणे अशुभ मानले जाते आणि चारचौघांत ते घरच्या अडचणीची जाहिरातही ठरते. येथे दोन वस्तू उपयोगी पडतात. पहिली अगदी स्वस्त : ‘मंजळ कयिरू’, म्हणजे हळदीने पिवळा केलेला सुती दोरा. सोन्याची ‘ताली’, म्हणजे मंगळसूत्रातील पदक, मूळच्या सोनसाखळीतून काढून या दोऱ्यात ओवले जाते. साखळी बँकेत जाते, ताली गळ्यात राहते. हा दोरा कमीपणाचा मानला जात नाही, कारण लग्नात ताली याच दोऱ्यात बांधली जाते आणि आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, साधारण २-३ ऑगस्टला येणाऱ्या ‘आडिप्पेरुक्कु’ या नदीच्या सणाला अनेक स्त्रिया कावेरीकाठी पूजा करून तो नव्याने बांधतात. धार्मिक प्रथेने दिलेली ही सोय आर्थिक ओढाताणीवर अलगद पांघरूण घालते.

दुसरी वस्तू म्हणजे ‘कवरिंग’. महाराष्ट्रात ज्याला बेंटेक्सचे किंवा एक ग्रॅमचे दागिने म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार. त्रिभुज प्रदेशाच्या उत्तर टोकाला, कोळ्ळिडम नदीपलीकडील चिदंबरम हे गाव नटराजाच्या मंदिरासाठी जगभर ओळखले जाते. तमिळ गृहिणींना ते ‘चिदंबरम कवरिंग’साठीही तितकेच परिचित आहे. तांबे किंवा पितळेचा दागिना घडवायचा आणि विद्युत विलेपनाने त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायचा, ही त्याची कृती. घडण सोन्याच्या दागिन्याची हुबेहूब असते. फरक असतो तो धातूच्या वजनात आणि किमतीत. त्यामुळे घरातील खऱ्या साखळीच्याच नक्षीची कवरिंगची साखळी घेऊन ठेवण्याची पद्धत आहे. खरी गहाण पडली की ही गळ्यात येते. खरी घरात असली तरी बसच्या गर्दीत किंवा मुक्कामाच्या लग्नाला हीच घातली जाते.

निवड करताना मात्र अनुभवी स्त्रिया चमकीपेक्षा घडणीकडे पाहतात. खडे जडवलेला भरगच्च हार दुकानात शोभतो, परंतु खडे बसवण्याचा चिकट पदार्थ घाम आणि पाण्याने सैल होतो. शिवाय थर उडाल्यावर खड्यांसकट पुन्हा मुलामा देणे अवघड असते. साधी, सलग कड्यांची साखळी त्यापेक्षा बरी. ती पुन्हा मुलामा देऊन वापरता येते आणि तिच्यात वेगवेगळी पदके अडकवता येतात. एका साखळीला लक्ष्मीचे पदक, मोत्याचा घोस आणि साधे गोल पदक अशी तीन पदके असली की तीन हारांचे काम होते. कानांतही हीच युक्ती आहे. ‘तोडू’ म्हणजे कुडीसारखे मूळ कर्णभूषण, आणि त्याखाली लटकणारी ‘जिमिक्की’, म्हणजे झुमका, वेगळी असते. रोज नुसता तोडू, समारंभाला त्याखाली झुमका, आणि मोठ्या कार्याला झुमक्याचा भार पेलण्यासाठी कानावरून केसांत अडकवायची ‘माट्टल’ ही साखळी.

कवरिंगबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वस्त मिश्रधातूंत आणि मुलाम्याखालच्या थरात निकेल असू शकते. टोचलेल्या कानाला त्याची ॲलर्जी होऊन खाज व जखम होण्याचा संभव असतो. त्यामुळे शक्य असेल तर कानात रोजच्या वापराला खऱ्या सोन्याची छोटी कुडी आणि गळ्या-हातांत कवरिंग, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. अत्तर, पावडर आणि तेल लावून झाल्यावरच दागिना घालावा, काढल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम टिपावा, आणि प्रत्येक नग वेगळ्या पुडीत ठेवावा. सगळे दागिने एका डब्यात टाकले की एकमेकांवर घासून थर उडतो. त्रिभुज प्रदेशातील दमट हवेत तांब्याचा मूळ रंग लवकर डोकावू लागतो, हे ध्यानात घेतले तर ही काळजी नुसती हौस वाटणार नाही.

खऱ्या सोन्याच्या खरेदीत फसगत होऊ नये यासाठी १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक बंधनकारक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइल ॲपवर तो तपासता येतो. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. कवरिंगवर यांतील काही नसते आणि नसावे. कवरिंग विकणारा दुकानदार ‘हे सोनेच आहे’ असे सांगत नाही, हा या व्यवहाराचा प्रामाणिकपणा.

एक साडी, अनेक रूपे

साडीच्या बाबतीत त्रिभुज प्रदेशाला विणकरांची परंपरा शेजारीच लाभली आहे. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम येथील रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मयिलादुतुरैच्या कूरैनाडू भागात विणली जाणारी, रेशीम आणि सुताच्या मिश्रणाची चौकटीची ‘कूरै’ साडी लग्नविधीसाठी मान्यता पावलेली आहे. या विणकरांमध्ये कित्येक पिढ्यांपूर्वी गुजरातकडून दक्षिणेत आलेल्या सौराष्ट्र समाजाची मोठी संख्या आहे. त्यांच्या घरगुती बोलीत मराठी कानाला ओळखीचे वाटावेत असे शब्द अजून भेटतात.

मराठी वाचकाला येथे आणखी एक नाते सापडते. १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. त्या दरबारासाठी कुंभकोणमनजीक कोळ्ळिडमकाठच्या कोडाली करुप्पूर गावात सुती पोतावर जरीची नक्षी विणून, त्यावर मेणाने रेखाटन व रंगकाम केलेली वस्त्रे तयार होत. जरीच्या नक्षीवरून लाल-तपकिरी रंगाचा हात फिरल्याने तिची झळाळी दबून जाई आणि वस्त्राला एक संयत, खोल चमक येई. ती राजघराण्याची वस्त्रे होती, स्वस्त मुळीच नव्हती. दरबार संपला तशी ती कलाही मावळली. आज त्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या करुप्पूर कलमकारीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झगमगाटापेक्षा दबलेली चमक पसंत करण्याची या भागातील अभिरुची तेव्हाचीच असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यामागे घामट हवा आणि धुण्याचा खर्चही आहेच.

सामान्य घरात रेशमी साडी लग्नात घेतली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे पुरवली जाते. तिचा हिशेब सुती साडीहून वेगळा आहे. समजा, ६०० रुपयांची सुती साडी वर्षभरात ४० वेळा नेसली, तर एका वेळेचा खर्च १५ रुपये पडतो. ६,००० रुपयांची रेशमी साडी वर्षातून दोनदा, दहा वर्षे नेसली, तर एका वेळेला ३०० रुपये. निव्वळ आकडेमोडीने रेशीम महागच पडते. ते परवडते ते पुढच्या वापरामुळे. आईची विटलेली किंवा घडीवर फाटलेली रेशमी साडी कापून मुलीची ‘पावाडै’, म्हणजे परकर, शिवली जाते. काठ शाबूत असतातच. शिवताना खालच्या घेराला दोन-तीन आडव्या चुण्या घालून ठेवतात. मुलगी उंच झाली की दरवर्षी एकेक चुणी उसवायची. एक परकर असा तीन-चार वर्षे जातो. मुलगी मोठी झाली की त्याच परकरावर अर्धी साडी, म्हणजे ‘दावणी’, येते. परकर एक आणि विरोधी रंगांच्या दावण्या दोन, एवढ्यात सणाचे दोन पेहराव होतात. खणाचे परकर-पोलके पाहिलेल्या मराठी घरांना ही काटकसर नवी वाटणार नाही.

रेशमी साडी टिकवायची तर ती दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून घडी बदलावी लागते. एकाच रेषेवर दुमडलेली जर काळाने तुटते आणि साडी नेमकी त्या रेषेवर चिरते. खरेदीच्या वेळी रेशमाची खात्री ‘सिल्क मार्क’ या चिन्हावरून आणि हातमागाची ‘हँडलूम मार्क’वरून करता येते. जर खरी की नकली, हा प्रश्न मात्र दुकानदाराला स्पष्ट विचारावा. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जर, तांब्याच्या तारेची जर आणि प्लास्टिकच्या पट्टीची जर यांच्या किमतींत मोठे अंतर असते. खऱ्या जरीच्या जुन्या साडीला वितळवणारेही पैसे देतात. प्लास्टिकच्या जरीला कोणी विचारत नाही.

खर्चाची खरी गळती साडीत नव्हे, ब्लाउजमध्ये होते. प्रत्येक साडीला त्याच रंगाचा ब्लाउज शिवायचा तर अस्तर आणि शिलाई मिळून स्वस्त साडीच्या किमतीच्या जवळपास रक्कम जाते. त्याला उतारा म्हणजे सर्वांवर चालणारे तीन-चार ब्लाउज : काळा, डाळिंबी, मोरपंखी किंवा मोहरीचा पिवळा. दक्षिणेकडील साड्यांचे काठ बहुधा अंगापेक्षा वेगळ्या रंगाचे असल्याने ब्लाउज काठाशी जुळवला तरी पुरते. दहा साड्या आणि चार ब्लाउज असलेली स्त्री रोज वेगळी दिसू शकते. दहा साड्या आणि दहा ब्लाउज असलेल्या स्त्रीने सहा ब्लाउजांची शिलाई विनाकारण भरलेली असते.

आणि या सर्वांवर शेवटचा हात फुलांचा. गजरा येथे ‘मुळम’वर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या हातावर मोजून विकला जातो. मोगरा, अबोली, आणि दवण्याच्या सुवासाची मिश्र वेणी असलेले तंजावरचे ‘कदंबम’ हे येथील नेहमीचे प्रकार. पाच वर्षांची जुनी साडी, साधी साखळी आणि ताजा हातभर गजरा, एवढ्याने पेहराव पुरा होतो. मोगऱ्याचे भाव मुहूर्ताच्या दिवसांत भडकतात. तेव्हा अबोलीची वेणी पुढे येते. तिला वास नसतो, पण ती दिवसभर ताजी राहते.

खांद्यावरचे उपरणे

पुरुषांच्या पेहरावात एवढे वैविध्य नाही, पण त्यातील एका वस्तूला मोठा इतिहास आहे. चार हातांची एकेरी किंवा आठ हातांची दुहेरी वेष्टी, सदरा आणि खांद्यावर ‘तुंडू’. हे पंचासारखे कापड घाम पुसते, उन्हात डोक्याला गुंडाळले जाते, बाजारातून भाजी बांधून आणते, मंदिरात कमरेला आवळले जाते आणि लग्नात इस्त्री करून खांद्यावर टाकले की उपरणे होते. इतक्या थोड्या पैशांत इतकी कामे करणारी दुसरी वस्तू या प्रदेशात नसावी.

मात्र ती खांद्यावर ठेवण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. जमीनदाराकडे पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या दलित ‘पण्णैयाळ’ मजुरांना मालकासमोर तुंडू खांद्यावर घेण्यास मनाई असे. ते काखेत किंवा कमरेला गुंडाळावे लागे. वेष्टी गुडघ्याखाली सोडणेही उद्धटपणाचे मानले जाई. १९४० च्या दशकात पूर्व तंजावरात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, तेव्हा मजुरी आणि फटक्यांच्या शिक्षेबरोबरच अशा अपमानकारक प्रथाही तिच्या निशाण्यावर होत्या. त्याआधी पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीनेही त्यांना आव्हान दिले होते.

महाराष्ट्राला हा धागा परका नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांना पायघोळ साडी नेसण्याचा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले जाडजूड दागिने टाकून देण्याचा आणि स्वच्छ राहण्याचा सल्ला दिला होता. कमी पैशांत नीट दिसण्याच्या धडपडीकडे केवळ चैन म्हणून पाहणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग एकत्र पाहावेत. पेहरावाचा मान अलीकडेही कायद्यापर्यंत गेला आहे : वेष्टी नेसल्यामुळे चेन्नईतील एका क्लबमध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना प्रवेश नाकारला गेल्यानंतर तमिळनाडू विधानसभेने २०१४ मध्ये असे निर्बंध रद्द करणारा कायदा केला.

खरेदीची वेळ

आडी महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, लग्नकार्यासाठी वर्ज्य मानला जातो. दुकानांत गिऱ्हाईक रोडावते, आणि दिवाळीच्या मालासाठी जागा करायची असते. त्यातूनच ‘आडी तळ्ळुपडी’ ही सवलतीची विक्री रूढ झाली. याच दिवसांत लावणीची मजुरी मजूर स्त्रियांच्या हाती येते. लावणीयंत्रांमुळे ती आता पूर्वीइतकी उरलेली नाही, हे खरे. दिवाळीचे कापड आडीतच घेऊन ठेवणे हा म्हणूनच येथील जाणत्या घरांचा शिरस्ता आहे. सवलतीत मांडलेल्या साडीची पूर्ण लांबी उलगडून पाहणे, काठाजवळचे धागे निसटले आहेत का आणि ओल्या रुमालाला रंग लागतो का हे तपासणे, एवढे केले तरी बहुतेक फसगती टळतात.

मे २०२१ पासून सरकारी साध्या बसमधून स्त्रियांचा प्रवास मोफत झाल्याने कुंभकोणम किंवा तंजावरला जाऊन चार दुकाने पाहणे सोपे झाले. सप्टेंबर २०२३ पासून पात्र कुटुंबप्रमुख स्त्रियांना राज्य सरकारकडून दरमहा १,००० रुपये मिळू लागले. ही रक्कम कापडासाठी नाही, हे उघड आहे. परंतु भिशीचा हप्ता अनेकदा तीतूनच निघतो. येथे जपून पाऊल टाकावे लागते. ‘दिवाळी चिट’च्या नावाखाली वर्षभर हप्ते गोळा करून पसार होण्याचे प्रकार तमिळनाडूत यापूर्वी घडले आहेत. १९३५ मध्ये स्थापन झालेली राज्याची हातमाग विणकर सहकारी संस्था ‘को-ऑपटेक्स’ मासिक बचत योजना चालवते आणि दिवाळीला ३० टक्के सवलत देते. अनोळखी माणसाच्या वहीपेक्षा ती पावती केव्हाही बरी.

या हिशेबात एक साडी फुकटही येते. १९८३ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या योजनेत पोंगलनिमित्त गरीब कुटुंबांना साडी आणि वेष्टी दिली जाते. विणकरांना काम मिळावे हाही तिचा हेतू. गावात ती साडी पाहताक्षणी ओळखू येते, त्यामुळे समारंभाला ती क्वचितच नेसली जाते. तिचा उपयोग शेतात होतो : ती खोचून वर, आणि त्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, म्हणजे ऊन आणि भाताची धारदार पाती हातांना लागत नाहीत. जीर्ण झाली की तिचीच बाळाची झोळी होते. चांगल्या साड्या मात्र चिखलापासून दूर, पेटीत राहतात.

पोंगलच्या आगेमागे सांबाचे भात घरी येते. विक्रीचे पैसे हाती पडले की कर्ज फेडून गहाण साखळी सोडवली जाते आणि ताली दोऱ्यातून पुन्हा तिच्यात जाते. कवरिंगची साखळी पुसून पुडीत ठेवली जाते. जूनमध्ये मेट्टूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती पुन्हा बाहेर काढायची असते.